वकिलाआधीची फाइल

भोसरी, अंबड, वाळूज, शिरोली, बुटीबोरी. एमआयडीसी कुठलीही असो, चाळीस-पन्नास माणसांचा कारखाना चालवणाऱ्या मालकाला कामगार कायदा बराचसा ‘माहीत’ असतो. थोडा शेजारच्या गाळेवाल्याकडून ऐकलेला, थोडा पीएफची चलनं भरणाऱ्या कन्सल्टंटनं सांगितलेला, थोडा वडिलांच्या काळातल्या युनियनच्या धसक्यातून उरलेला. यातलं जे साफ चुकीचं असतं ते पहिल्याच नोटिशीत उघडं पडतं. जे अर्धं खरं असतं ते जास्त महागात जातं, कारण त्याच्या भरवशावर वर्षानुवर्षं कारभार चाललेला असतो.

मालक वकिलाकडे येतो तो बहुधा समन्स हातात घेऊन. तोवर आरोपपत्र कुणीतरी लिहून मोकळं झालेलं असतं, हजेरीपटावर खाडाखोड झालेली असते, शेवटचं पत्र जुन्याच पत्त्यावर गेलेलं असतं. कामगारांच्या दाव्यांत निकाल पुष्कळदा या कागदांवर लागतो, वकिलाच्या युक्तिवादावर नव्हे. म्हणून सल्ल्याची वेळ पहिलं पत्र लिहिण्याआधीची. हे न पटण्यामागे जे समज आहेत त्यांतले काही इथे तपासले आहेत.

आधी एक खुलासा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. पण त्याआधीच्या नोकऱ्यांचे दावे आजही न्यायालयांत उभे आहेत, आणि जुन्या कायद्यांतल्या पुष्कळ कल्पना संहितांत जवळपास तशाच उतरल्या आहेत. त्यामुळे पुढे जुनं-नवं दोन्ही येईल.

“त्याला नियुक्तिपत्रच दिलेलं नाही. तो आपला कामगार कसा?”

पत्र दिलं नाही म्हणजे नातं नाही, हा समज छोट्या कारखान्यांत अजून जिवंत आहे. नोकरीचं नातं ठरतं ते कामावरून: काम कोण सांगतो, पगार कोण देतो, रजा कोण मंजूर करतो, कामावरून कोण काढतो. गेटपास, ईएसआयचं कार्ड, बँकेत जमा झालेला पगार, शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सुपरवायझरचे निरोप, हे सगळं पुराव्यात येतं.

२४० दिवस काम केल्याचं सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो हे खरं, आणि मालकांना हे वाक्य फार आवडतं. पण सर्वोच्च न्यायालयानं त्याला जोडलेली दुसरी बाजू ते ऐकत नाहीत. कामगारानं पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगितलं आणि कंपनीचा हजेरीपट हजर करण्याची मागणी केली, तर तो दडवून ठेवणाऱ्या मालकाविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढायला न्यायालय मोकळं असतं. आता तर नव्या संहितांनी प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणं बंधनकारकच केलं आहे. पत्र नसणं हा बचाव होता असं कधी नव्हतं, यापुढे तो स्वतःच कायद्याचा भंग आहे.

“हुद्दा मॅनेजरचा आहे, त्याला कामगार कायदा लागत नाही.”

व्हिजिटिंग कार्डावर काय छापलं आहे याच्याशी न्यायालयाला देणंघेणं नाही. सिबा गायगी कंपनीच्या १९८५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कसोटी घालून दिली: माणसाचं मुख्य काम काय? दिवसभर जॉब लावणारा, बिलं करणारा, स्टोअरच्या नोंदी ठेवणारा माणूस अधूनमधून दोन हेल्परांना सूचना देत असला तरी तो कामगारच. रजा मंजूर करण्याचा, शिस्तभंगाची शिफारस करण्याचा अधिकार खरोखर वापरल्याचा एक तरी कागद फाइलमध्ये हवा. पर्यवेक्षकांसाठी पगाराचीही मर्यादा आहे. जुन्या कायद्यात ती १०,००० रुपये होती, औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. ही मर्यादा पर्यवेक्षकापुरतीच. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा लाखभर पगार घेत असला तरी ‘कामगार’ राहू शकतो, हे आयटी कंपन्यांनाही ऐकवावं लागतं.

“दोनशे चाळीस दिवस भरू द्यायचे नाहीत.”

महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींत या आकड्याइतका दरारा दुसऱ्या कुठल्याच आकड्याचा नाही. सात महिने झाले की ब्रेक, पंधरा दिवसांनी नव्या नावाच्या ठेकेदाराकडून तोच माणूस त्याच मशीनवर. मालकाला वाटतं, २४० भरले की माणूस कायम झाला. कामगारालाही तेच वाटतं.

औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांचा अर्थ एवढाच होता: गेल्या बारा महिन्यांत इतके दिवस काम झालं असेल, तर काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई द्यायची. कायमपणाचा तिथे उल्लेखच नाही. इथवर मालकाचा समज साफ चुकीचा.

पण महाराष्ट्रात गोष्ट इथे संपत नाही, आणि बाहेरगावचा सल्लागार नेमका इथे फसतो. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत ४-क हे कलम होतं: बदली किंवा तात्पुरत्या कामगारानं बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर त्याला कायम करायचं. पन्नास किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्याला हे लागू होतं. त्याच्या जोडीला १९७१ चा कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा. सगळे त्याला ‘यूएलपी’ म्हणतात. कामगारांना कायमपणाच्या हक्कांपासून दूर ठेवण्याच्या हेतूनं वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवणं ही त्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा आहे, आणि एसटी महामंडळाच्या २००९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशा तक्रारीत कायम करण्याचा आदेश देण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार मान्य केला. म्हणजे ज्या ब्रेकमुळे आपण सुटलो असं मालकाला वाटतं, तोच ब्रेक हेतूचा पुरावा होऊन समोर येतो. दर सात महिन्यांनी न चुकता पडणारे खंड, आणि तेही फक्त हेल्परांनाच. कामगाराच्या वकिलाला आणखी काय हवं?

दिवस मोजण्यातही चूक होते. मालक प्रत्यक्ष हजेरीचे दिवस मोजतात. अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या १९८५ च्या निकालानं भरपगारी सुट्ट्या आणि रविवारही धरायला सांगितलं. २०५ हजेऱ्या असलेला माणूस सहज २४० ओलांडतो.

स्थायी आदेशांची मर्यादा आता संहितेनं ३०० कामगारांवर नेली आहे. पण यूएलपी हा राज्याचा कायदा आहे. औद्योगिक संबंध संहितेनं रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांच्या यादीत तो नाही. ‘आता सगळं गेलं’ म्हणणाऱ्याला ती यादी दाखवावी.

काम खरोखरच हंगामी असेल तर वाट सरळ आहे. मुदतीची नेमणूक लेखी द्यायची, तिच्यात कारण आणि शेवटची तारीख लिहायची आणि बाकीचे लाभ कायम कामगारासारखेच द्यायचे. संहितेनुसार अशा कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीही मिळते. ब्रेकच्या खेळापेक्षा हे स्वस्त पडतं, पण कुणी हिशेब मांडून पाहात नाही.

“माणसं ठेकेदाराची, डोकेदुखी त्याचीच.”

ठेकेदारानं पगार दिला नाही तर मूळ मालकानं द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि संहितेतही आहे. पीएफ आणि ईएसआयचंही तेच. ठेकेदार पळून गेला की पीएफ कार्यालयाची नोटीस कारखान्याच्याच पत्त्यावर येते. तेव्हा त्याच्या बिलांना जोडलेली चलनं शोधायला लागतात. त्या चलनांत आपल्याकडच्या माणसांची नावं होती का, हे कुणी तपासलेलं नसतं. एकाच चलनाची झेरॉक्स चार कंपन्यांना देणारे ठेकेदार या धंद्यात नवे नाहीत.

मोठा प्रश्न वेगळा आहे. ठेकेदारी खरी की नावापुरती? २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ठरवलं की कंत्राटी पद्धत बंद केल्याची अधिसूचना निघाली म्हणून माणसं आपोआप मूळ मालकाची होत नाहीत. पण ठेकेदारी निव्वळ आडपडदा आहे असं औद्योगिक न्यायाधिकरणाला दिसलं, तर ती माणसं मालकाचीच ठरतात. त्याच वर्षी कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या आपल्याकडच्याच दोन प्रकरणांत हेही स्पष्ट झालं की, मालक-कामगार नातंच नाकारलं असेल तर यूएलपीच्या तक्रारीत त्याचा निवाडा होत नाही. त्यासाठी औद्योगिक विवाद म्हणून वेगळी वाट धरावी लागते.

मालकाच्या वकिलाला हा आक्षेप पहिल्याच जबाबात घ्यायचा असतो. पण तो टिकायचा तर प्रत्यक्ष कारभार तसा हवा. ठेकेदाराच्या माणसाची रजा कंपनीचा एचआर मंजूर करत असेल, त्याला मेमो कंपनीच्या लेटरहेडवर गेला असेल, तर कागदावरचा ठेका कितीही सुबक असला तरी पहिल्या उलटतपासणीतच उसवतो. हे मेमो लिहिणारा शॉप-फ्लोअर मॅनेजर बहुधा प्रामाणिक असतो. आपण काय लिहिलं याचा अर्थ त्याला कुणी सांगितलेलाच नसतो.

“रंगेहाथ पकडला. आता चौकशी कसली?”

तांब्याची तार डब्यात घालून नेताना गेटवर सापडला. वॉचमन साक्षीदार, सीसीटीव्हीत चित्र, माणसानं माफीनामाही लिहून दिला. मालकाचा राग समजण्यासारखा आहे. त्याच संध्याकाळी ‘उद्यापासून येऊ नकोस’. हीच फाइल आठ वर्षांनी हरते, आणि गावभर होतं की न्यायालय चोराच्या बाजूचं आहे.

कायद्याचं म्हणणं असं: आरोप लेखी सांगा, उत्तराला वेळ द्या, प्रकरणाशी ज्याचा संबंध नव्हता असा चौकशी अधिकारी नेमा, कागदांच्या प्रती द्या, तुमचे साक्षीदार त्याच्या समोर तपासा, त्याला उलटतपासणी करू द्या, त्याचे साक्षीदार ऐका, अहवालाची प्रत देऊन शिक्षेबद्दल त्याचं म्हणणं मागवा, आणि मग निर्णय घ्या. तोवर निलंबित ठेवता येतं. त्या काळात पहिले ९० दिवस अर्धा पगार आणि त्यानंतर उशीर त्याच्यामुळे नसेल तर ७५ टक्के निर्वाहभत्ता द्यायचा. संहितेनं तर चौकशी साधारण ९० दिवसांत उरकण्याचीच अपेक्षा घातली आहे. निर्वाहभत्ता थकवला की चौकशीच्या निष्पक्षतेवर बोट ठेवायला जागा मिळते, आणि तीन-चार हजारांच्या बचतीपायी अख्खी चौकशी पणाला लागते.

गैरहजर माणसाच्या बाबतीतही हीच गल्लत. ‘दहा दिवस न सांगता आला नाही, आपोआप नाव कमी झालं.’ आपोआप काही होत नाही. डी. के. यादव यांच्या १९९३ च्या प्रकरणात स्थायी आदेशांत स्पष्ट तरतूद होती की आठ दिवसांहून जास्त गैरहजेरी झाली तर हक्क संपला. कामगार म्हणत होता, मला गेटवरच अडवलं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येणार नाही, आणि त्याला निम्म्या मागील पगारासह कामावर परत घ्यायला लावलं. म्हणून गैरहजर माणसाला घरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं पत्र, उत्तर नाही तर दुसरं, मग आरोपपत्र. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आलं तर ते न फोडता फाइलला लावायचं. ते बंद पाकीट पुढे मोठ्या कामाचं ठरतं.

वकिलाचा उपयोग इथे दोन ठिकाणी होतो. पहिला आरोपपत्रात. ‘तुमचं वर्तन चांगलं नाही’ हा आरोप नव्हे. तारीख, वेळ, जागा, वस्तू आणि स्थायी आदेशांतलं गैरवर्तनाचं नेमकं कलम लागतं. दुसरा उपयोग मालकांना सहसा माहीतच नसतो. चौकशी झालीच नाही किंवा ती सदोष ठरली, तरी आरोप न्यायालयात नव्यानं पुरावा देऊन सिद्ध करायची संधी मालकाला मिळते. कामगार न्यायालयात याला सरळ ‘पार्ट वन’ म्हणतात: आधी चौकशी न्याय्य होती का यावर निकाल, ती कोसळली तर मग नवा पुरावा. पण ही संधी लेखी जबाबातच मागून ठेवावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००१ मध्ये कर्नाटक राज्य परिवहनच्या प्रकरणात म्हटलं. जबाबातली ती दोन ओळींची विनंती राहून गेली की वॉचमन आणि सीसीटीव्ही असूनही काही दाखवता येत नाही.

आणि शिक्षा. आरोप सिद्ध झाला तरी बडतर्फी अपराधाच्या मानानं जास्त वाटली तर न्यायालय ती कमी करू शकतं. १९७१ च्या अखेरीस जुन्या कायद्यात ११-अ हे कलम आलं तेव्हापासूनचा हा अधिकार. पंधरा वर्षांच्या स्वच्छ नोकरीचा किंवा आधीच्या चार मेमोंचा उल्लेख बडतर्फीच्या आदेशात विचार करून केलेला असेल तरच आदेश तग धरतो. छापील नमुन्यात नाव भरून दिलेला आदेश लगेच ओळखू येतो.

मागील पगाराचा आकडा मालकांनी स्वतः करून पाहावा. महिना १८,००० पगार, दावा आठ वर्षं चालला: १७,२८,००० रुपये, आणि वर नोकरीवर परत. महाराष्ट्रातल्याच एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं की कामगारानं आपण दुसरीकडे कमावत नव्हतो असं म्हटलं की, तो कमावत होता हे दाखवायची जबाबदारी मालकाची. रोजंदारीच्या माणसांना अलीकडे पुनर्नियुक्तीऐवजी एकरकमी भरपाई मिळण्याकडे कल आहे, पण त्या भरवशावर चौकशी टाळणं म्हणजे जुगार.

“राजीनामा लिहून घेतला, फुल अँड फायनलची सही घेतली.”

नोकरीवर घेतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवणारे महाभाग अजून आहेत. दबावानं घेतलेला राजीनामा म्हणजे काढून टाकणंच. राजीनाम्याची तारीख, तो लिहिलेल्या पेनाची शाई, त्याच दिवशी कामगारानं पोलिसांकडे किंवा कामगार आयुक्तांकडे केलेला अर्ज, हे सगळं तपासलं जातं. स्वेच्छेचा राजीनामाही स्वीकारला जाईपर्यंत मागे घेता येतो. म्हणून स्वीकृतीचं पत्र त्याच दिवशी द्यायचं, हा खरा सल्ला. नव्या वेतन संहितेत राजीनामा असो वा बडतर्फी, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. ‘महिनाअखेरीस ये’ हे आता चालत नाही.

‘माझं काहीही येणं नाही’ या वाक्यानं ग्रॅच्युइटी बुडत नाही. शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं: २६,००० पगार आणि बारा वर्षं असतील तर १,८०,००० रुपये. ही रक्कम तीस दिवसांत, नाहीतर व्याजासकट. नोटीस न देता गेला म्हणून ग्रॅच्युइटी अडवणं पूर्ण बेकायदा आहे. ती जप्त करायची मुभा ठराविक गैरवर्तनाबद्दल बडतर्फ केल्यावरच, आणि नुकसानीचं कारण असेल तर त्या नुकसानीपुरतीच.

“कन्सल्टंट आहे, तो सगळं बघतो.”

कन्सल्टंट रिटर्न भरतो. ते काम लागतंच, आणि चांगला कन्सल्टंट मिळणं भाग्याचं. पण पगाराची रचना त्यानं केली म्हणून जबाबदारी त्याची होत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ पगारातच धरायला सांगितलं. त्यानंतरही ‘विशेष भत्ता’ तसाच ठेवलेल्या कारखान्यांना पीएफ कायद्याच्या कलम सात-अ खालच्या चौकशीत थकबाकी, तिच्यावर १२ टक्के व्याज आणि शिवाय दंड असा तिहेरी हिशेब मिळतो. आता संहितेनं वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला आहे. आणि पगारातून कापलेला कामगाराचा हिस्सा भरला नाही तर तो फौजदारी विश्वासघात होतो. सात-अ च्या सुनावणीला नोंदवह्या न घेता हजर राहणारा प्रतिनिधी पाठवण्यापेक्षा एक तारीख मागून घेतलेली बरी.

“बाँड केलाय, तीन वर्षं दुसरीकडे जाऊच शकत नाही.”

नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायला बंदी घालणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. १९६७ च्या सेंच्युरी स्पिनिंगच्या, कल्याणच्या कारखान्यातल्या प्रकरणात कंपनी जिंकली ती कराराची पाच वर्षं चालू असताना माणूस स्पर्धकाकडे गेला म्हणून. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी वाजवी रक्कम मागणारा बाँड ही वेगळी गोष्ट. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बाँड सर्वोच्च न्यायालयानं योग्य ठरवला. मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेणं मात्र कुठल्याच करारात बसत नाही.

“चांगला वकील दिला की झालं.” आणि “कामगार कोर्टात वकील चालतच नाही.”

हे दोन परस्परविरोधी समज एकाच मालकाच्या तोंडून ऐकू येतात. औद्योगिक विवादात वकील उभा राहू शकतो, पण दुसऱ्या बाजूची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागते. बहुधा कुणी हरकत घेत नाही, घेतली तर अडचण होते. मालक संघटनेचा पदाधिकारी मात्र हक्कानं प्रतिनिधित्व करू शकतो, आणि तो स्वतः वकील असला तरी बिघडत नाही, हे पारादीप पोर्टच्या निकालापासून पक्कं आहे. यूएलपीच्या तक्रारींत वकील सर्रास असतात. समेट अधिकाऱ्यापुढे वकिलाला जागाच नाही. तिथे मालकानं किंवा अधिकार असलेल्या माणसानं स्वतः बसायचं असतं, आणि ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणारा माणूस पाठवला की पुढची तारीख ठरलेली.

लैंगिक छळाच्या तक्रारीत अंतर्गत समितीपुढे कुणालाच वकील मिळत नाही. म्हणून समितीचं प्रशिक्षण आधीच व्हायला हवं. गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, समितीनं चौकशी घाईघाईत उरकली म्हणून झालेली कारवाई बाजूला ठेवली. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला ही समिती लागते, आणि कित्येक कारखान्यांत ती फक्त भिंतीवरच्या फलकावर असते.

खात्यांतर्गत चौकशीत कंपनीनं आपल्या बाजूनं कायद्याचा जाणकार बसवला तर कामगारालाही तशी मदत नाकारता येत नाही, असं बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात ठरलं. ‘आमचे वकीलसाहेबच चौकशी चालवतील’ असं उत्साहानं सांगणाऱ्यांना हे आधी ऐकवलेलं बरं.

“नव्या संहितेनं तीनशेपर्यंत मोकळं रान.”

कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी आता ३०० कामगारांपासून लागते, पूर्वी १०० पासून. हे खरं, पण एवढंच. नोटीस, वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई, शेवटी आलेला आधी जाईल हा क्रम, पुन्हा भरती करताना जुन्यांना प्राधान्य, हे सगळं २९९ वाल्यालाही आहे. वर कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आहे. आणि ही कपात युनियनच्या पुढाऱ्यांपुरती केली, तर यूएलपीची तक्रार नव्वद दिवसांत दाखल होते आणि अंतरिम मनाईही मिळू शकते.

“तडजोड केली म्हणजे हरलो.”

मालकांचा अहंकार इथे सर्वांत महाग पडतो, आणि त्यांच्या वकिलांचाही, हे म्हणायला हरकत नाही. पण तडजोडीचे कागद करतानाही एक गोष्ट सुटते. युनियनशी कार्यालयात बसून केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांवर बंधनकारक असतो. उद्या दुसरी युनियन आली की तीच मागणी नव्यानं. तोच समझोता समेट अधिकाऱ्यासमोर, समेटाच्या कारवाईत झाला तर तो कारखान्यातल्या सगळ्या कामगारांवर लागू होतो. सही न करणाऱ्यांवरही, आणि नंतर कामाला लागणाऱ्यांवरही. जुन्या कायद्यात हे कलम १८ मध्ये होतं, संहितेतही आहे. कराराचा मसुदा वकिलानं आधी वाचावा, आकडे मालकानं स्वतः ठरवावेत आणि सह्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात व्हाव्यात. या तिसऱ्या गोष्टीला एक-दोन चकरा जास्त लागतात, म्हणून ती राहून जाते.